महिनाअखेरचे ताट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात खान्देशातून आलेल्या बहुतेक पत्रांत एकच काळजी निरनिराळ्या शब्दांत मांडलेली आहे: पगार तेवढाच, किराणा मात्र दर महिन्याला वाढता, आणि वीस तारीख उलटली की डब्यांचे तळ दिसू लागतात. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : ताई, आम्ही घरात पाच माणसे आहोत: सासूबाई, आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी दोन मुले. यजमान खासगी गोदामात कामाला आहेत. सुरुवातीला रोज वरण होते. वीस तारखेनंतर डाळ संपते आणि मग बटाट्याच्या रश्श्यावर दिवस काढावे लागतात. महिन्याला पाच लिटर तेल लागते. सगळ्यांचे झाल्यावर मी जेवते. भाजी उरली नसेल तर चटणी-भाकरीवर भागवते. आणखी काटकसर कुठे करावी? (एक भगिनी, भुसावळ)

उत्तर : ताई, आपण चटणी-भाकरीवर भागवता ते आधी थांबवा. त्याला मी काटकसर म्हणणार नाही, कारण अंगातले रक्त कमी होऊन थकवा आला, की त्याचे पैसे पुढे औषधांच्या दुकानात मोजावे लागतात आणि तेव्हा घर सांभाळायलाही कोणी नसते. भाजी आणि वरण झाल्याबरोबर पाचही वाट्या एकदम भराव्यात, आपली वाटी झाकून बाजूला ठेवावी आणि मगच पंगत बसवावी. सासूबाईंना हे सांगताना संकोच वाटत असेल, तर यजमानांनी सांगावे. ती त्यांचीही जबाबदारी आहे.

आता डाळीकडे येऊ. आपल्या घरी भाकरी साध्या ज्वारीची होत असावी, असे पत्रावरून वाटते. ती कळण्याची करावी. चार किलो दादरला (रब्बीच्या ज्वारीला) एक किलो सालासकट काळे उडीद आणि अंदाजाने जाडे मीठ, हे सगळे एकत्र दळून आणायचे. काही घरांत तिनाला एक असेही प्रमाण असते. आपल्याकडे भरिताबरोबर कळण्याची भाकरी किंवा पुरी हवीच असे मानतात, पण ती सणावाराची चैन समजून रोज साधी भाकरी खाण्यात आपले नुकसान आहे. ज्वारीत साधारण दहा टक्के प्रथिने असतात आणि उडदात चोवीसच्या आसपास, त्यामुळे चारास एक या मिश्रणात ती तेराच्या जवळ जातात. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा जो घटक कमी पडतो तो उडदात भरपूर असतो, आणि उडदात जे उणे असते ते ज्वारी भरून काढते, म्हणून दोन्ही एकत्र खाल्ले की शरीराला अधिक उपयोगी पडतात. उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी थापताना तुटत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही बरीच मऊ राहते, हा फायदा वेगळाच.

हिशेब असा मांडून पाहावा. पाच माणसांना महिन्याला १५ किलो कळण्याचे पीठ धरले, तर त्यात ३ किलो उडीद आपोआप पोटात जातात, म्हणजे माणशी रोज २० ग्रॅम. वरणासाठी, घुट्यासाठी (घोटलेल्या डाळीसाठी) आणि पातोड्यांसाठी (बेसनाच्या वड्यांसाठी) डाळी व बेसन मिळून आणखी साडेतीन ते चार किलो घेतले, की माणशी रोजचे ४३ ते ४७ ग्रॅम कडधान्य महिनाभर पुरते. हा चार किलोंचा साठा पहिल्याच तारखेला चार डब्यांत विभागावा आणि दर आठवड्याला एकच डबा उघडावा. पहिल्या दहा दिवसांत घट्ट वरण आणि शेवटच्या दहा दिवसांत काहीच नाही, यापेक्षा महिनाभर थोडे पातळ वरण मुलांच्या वाढीला कितीतरी चांगले. दुपारच्या जेवणात लिंबाची फोड ठेवावी, कारण आंबट पदार्थाने धान्यातील आणि पालेभाजीतील लोह अंगी लागते. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा मात्र त्याला अडथळा करतो, म्हणून तो तासभर पुढे ढकलावा.

आपली शिधापत्रिका प्राधान्य कुटुंबाची असेल, तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क आहे. ते धान्य नियमित उचलावे आणि वाचलेल्या पैशांतून आधी उडीद व डाळ घ्यावी, मग बाकीच्या याद्या.

तेलाचेही सांगते. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते, म्हणजे पाच लिटर तेल पाच माणसांत माणशी रोज ३० ग्रॅम होते. साडेतीन लिटरवर आणले तर ते २१ ग्रॅम होते आणि तेवढे पुरेसे आहे. बाटलीतून थेट कढईत ओतण्याची सवय मोडून दिवसाचे तेल सकाळी एका वाटीत काढून घ्यावे. वाटी संपली की त्या दिवशीचे तेल संपले. पाकिटे विकत घेताना किमतीबरोबर आतील ग्रॅमही वाचावेत, कारण सारख्या दिसणाऱ्या दोन पाकिटांत तेल सारखेच असते असे नाही. रश्श्यावर तर्री यावी म्हणून जे तेल जाते ते वाचवायचे असेल, तर काळ्या मसाल्याच्या वाटणात सुक्या खोबऱ्याचा अर्धा भाग भाजलेल्या शेंगदाण्यांनी भरून काढावा. दाण्यांचे तेल सुटते आणि रस्सा दाट होतो. चमचाभर बाजरीचे पीठ कोरडे भाजून, पाण्यात कालवून आळणासारखे लावले तरी रस्सा आळतो आणि तीन माणसांची भाजी पाचांना पुरते.

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यातील असून धुळ्याला खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करतो. खानावळीचे दोन वेळचे पैसे परवडत नाहीत. खोलीत एक शेगडी आणि दोन भांडी आहेत. कमी पैशांत काय करून खावे? (एक तरुण वाचक)

उत्तर : भाऊ, रोज पहाटे धावणाऱ्या माणसाने पोटाची काटकसर करताना फार जपावे लागते. खानावळ एका वेळेपुरती ठेवावी आणि दुसरी वेळ स्वतः सांभाळावी. सकाळी मोड आलेले मूग आणि मूठभर शेंगदाणे घ्यावेत. अंडी चालत असतील तर दोन उकडलेल्या अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. रात्री तूर किंवा मुगाची डाळ आणि तांदूळ निम्मे-निम्मे घेऊन केलेली खिचडी उत्तम. तांदळात नावापुरती डाळ टाकलेल्या खिचडीने पोट भरते, पण अंगात ताकद येत नाही.

आठवड्यातून दोनदा मात्र डुबुक वडे करावेत, कारण खान्देशातील घरांत भाजी नसलेला दिवस याच पदार्थाने निभावला जातो आणि त्याला एकच भांडे पुरते. वाटीभर बेसनात ठेचलेला लसूण, मिरची, हळद, मीठ आणि असेल तर कोथिंबीर घालून पीठ घट्टसर भिजवावे. बोटांनी सोडले तर गोळा पडला पाहिजे, धार लागता कामा नये. दुसरीकडे थोड्या तेलावर कांदा लाल करून काळा मसाला परतावा आणि चार वाट्या पाणी घालून रस्सा मुद्दाम पातळ ठेवावा. त्याला खळखळून उकळी आली की पिठाचे लहान लहान वडे एकेक करून उकळत्या जागीच सोडावेत. येथे घाई नडते: पाणी नुसते कोमट असेल किंवा वडे पडल्याबरोबर पळी फिरवली, तर सगळे विरघळून पिठले होते. दोन-तीन मिनिटे हात लावू नये. वडे बाहेरून आवळले आणि वर तरंगू लागले की मग भांडे हलक्या हाताने हलवावे, आच कमी करावी आणि आणखी आठ-दहा मिनिटे शिजू द्यावे. एक वडा मोडून पाहावा. आत पिवळे कच्चे पीठ दिसले नाही की झाले. वड्यांचे थोडे पीठ रश्श्यात उतरून तो आपोआप दाट होतो. भाकरी येत नसेल तर शेजारच्या मावशींकडून दोन भाकरी विकत घ्याव्यात, तरी हा बेत खानावळीच्या ताटापेक्षा स्वस्त पडतो.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे. कुकरच्या आठ-आठ शिट्ट्या होऊनही तुरीची डाळ शिजत नाही आणि गॅस लवकर संपतो. शेजारीण खाण्याचा सोडा घालायला सांगते. घालावा का? (एक वाचक, पारोळा)

उत्तर : सोडा घालू नये. त्याने डाळ लवकर गळते हे खरे, पण डाळीतील ब जीवनसत्त्वे, विशेषतः थायमिन, त्यात नष्ट होते आणि चवही साबणासारखी लागते. जड पाण्यातील कॅल्शियम डाळीच्या दाण्याला घट्ट धरून ठेवते, म्हणून ती दडदडीत राहते. त्यावर तीन साधे उपाय आहेत. डाळ शिजवायचे पाणी आदल्या रात्री उकळून निवू द्यावे, तळाशी पांढरा थर बसला की वरचे पाणी अलगद काढून घ्यावे. तुरीची डाळ तासभर, अख्खे कडधान्य आठ-दहा तास भिजवावे. अख्ख्या कडधान्याच्या भिजवणात चमचाभर मीठ टाकल्यास साल मऊ होते. आणि चिंच, टोमॅटो, आमसूल यांतले काहीही डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावे, कारण आंबटाने शिजणे थांबते.

गॅसबद्दल इतकेच, की पहिली शिट्टी झाल्यावर आच अगदी बारीक करावी. कुकरमध्ये वाफ भरली की मोठ्या आचेने आतील उष्णता वाढत नाही, फक्त शिट्टीतून वाफ निघून जाते. एकाच कुकरमध्ये खाली डाळ आणि वरच्या डब्यात भात लावावा. एवढे करूनही डाळ शिजत नसेल तर ती जुनी आहे, दुकान बदलावे. जळगावच्या दालमिलमधून निघालेला ताजा माल आपल्या भागात मिळणे अवघड नाही.

प्रश्न : यंदा वर्षाची दादर एकदम घेण्याचा विचार आहे. दर चांगला मिळतो, पण मागच्या वेळी पावसाळ्यात सोंडे झाले. धान्यात टाकायच्या गोळ्या बाजारात मिळतात, त्या वापराव्यात का? (एक शिक्षक, अमळनेर)

उत्तर : सर, त्या गोळ्या घरात आणूच नका, हे अत्यंत कळकळीने सांगते. सल्फासच्या नावाने ओळखली जाणारी ती गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतील ओल लागताच तिच्यातून फॉस्फीन हा अतिविषारी वायू सुटतो, आणि झोपण्याच्या खोलीत कोठी ठेवलेल्या घरांत त्याने माणसे दगावलेली आहेत. ती मोठ्या गोदामांसाठी आणि प्रशिक्षित माणसांच्या हातीच असावी.

दादर फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तेव्हाच घेणे योग्य, आणि एप्रिल-मेचे आपले ऊन हे कीड मारायला पुरेसे आहे. तीन-चार दिवस पातळ पसरून वाळवावी. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे, नुसता दबला तर अजून ओल आहे. कोठीत भरण्यापूर्वी धान्य सावलीत पूर्ण निवू द्यावे, कारण गरम भरले की आत घाम धरतो आणि मग बुरशी येते. वाळलेला कडुनिंबाचा पाला थरांमध्ये घालावा, कोठीचे तोंड घट्ट बंद करावे, आणि शक्यतो एका मोठ्या कोठीऐवजी तीन लहान कोठ्या ठेवाव्यात, म्हणजे रोज उघडण्याने सगळे धान्य दमट होत नाही. तुरीची डाळ साठवायची असेल तर तिला एरंडेल तेलाचा हात फिरवावा. पैसे एकदम उभे राहत नसतील, तर कर्ज काढून वर्षाची भरती करू नये. व्याजात सगळा फायदा जातो. चार महिन्यांची घेतली तरी चालेल. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी स्वस्त मिळते, ती मात्र कितीही धुतली तरी खाण्यायोग्य होत नाही.

प्रश्न : आमचे शेत यावल भागात आहे. कच्ची केळी आणि केळफुले घरचीच असतात, पण मुले भाजीला कंटाळली आहेत. शिवाय रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणी देऊन खाल्ला तर मे महिन्यात पोट बिघडते. काय करावे? (एक गृहिणी)

उत्तर : भाताचे आधी. पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा शिजलेला भात रात्रभर बाहेर ठेवू नये. भातात तग धरून राहणारे जिवाणू त्या उष्णतेत झपाट्याने वाढतात आणि त्यांचे विष फोडणीच्या आचेने जात नाही. उन्हाळ्यात रात्री भात मोजून लावावा आणि जास्त लागले तर भाकऱ्या कराव्यात. उरलेली भाकरी सुकते, पण भातासारखी बाधत नाही, आणि सकाळी कुस्करून कांदा-मिरचीवर परतली की मुले आवडीने खातात. फ्रीज असेल तर भात तासाभरात निववून त्यात ठेवावा.

कच्ची केळी सालासकट उकडून, सोलून, किसून त्यात थोडे बेसन, जिरे आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घालावा व तव्यावर थालीपिठासारखे थापावे. बटाटा विकत आणण्याची गरज राहत नाही. केळफूल निवडताना हातांना तेल लावावे, नाहीतर चीक लागून बोटे काळी पडतात. प्रत्येक फुलातील ताठ दांडी आणि पारदर्शक पापुद्रा काढून टाकावा, कारण ते कितीही शिजवले तरी मऊ होत नाहीत. मग बारीक चिरून रात्रभर पातळ ताकात बुडवून ठेवावे, सकाळी पिळून घ्यावे आणि भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर कुकरमध्ये शिजवून लसणाच्या फोडणीवर परतावे. ताकाने तुरटपणा जातो, आणि मुलांची तक्रार बहुधा त्याचीच असते.