उघड्या गाडीतून स्कॉटलंडचा किनारा

प्रश्न : आम्ही नवरा-बायको लेस्टरला राहतो. केटरहॅम सेव्हनच्या धाटणीची उघडी गाडी किट आणून घरी जोडली आहे, इंजिन १.६ लिटरचं, कार्ब्युरेटरवालं. या वर्षी नॉर्थ कोस्ट ५००, म्हणजे इन्व्हर्नेसहून निघून तिथेच परत येणारा स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याचा रस्ता, करायचा विचार आहे. अंतर ५१६ मैल, मग तीन दिवस पुरतील का? गाडीची तयारी काय करावी?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : तीन दिवसांत फक्त रस्ता दिसेल, किनारा दिसणार नाही. सात दिवस धरा, आणि इन्व्हर्नेसला पोहोचण्याचे दिवस वेगळे. पश्चिमेकडचा बराचसा रस्ता एकेरी पट्ट्याचा आहे. तिथे तासाला २५-३० मैलांची सरासरी पडली तरी चांगली. समोरून गाडी दिसली की पासिंग प्लेसमध्ये, म्हणजे कडेला रुंद केलेल्या जागेत, थांबायचं. ती जागा उजव्या हाताला असेल तर आत शिरायचं नाही, तिच्या समोर आपल्या डाव्या बाजूलाच थांबायचं. मागच्याला घाई असेल तर त्यालाही तिथेच वाट द्या.

इन्व्हर्नेसहून आधी पूर्व किनाऱ्याने वर जा : विक, जॉन ओ'ग्रोट्स, थर्सो, मग डर्नेस, अलापूल आणि शेवटी अ‍ॅपलक्रॉस. घरी जोडलेल्या गाडीचं काही ढिलं असेल तर ते पहिल्या शंभर-दीडशे मैलांत कळतं. पूर्वेकडे ए-९ रस्ता रुंद आहे आणि गावंही जवळजवळ आहेत. तीच गडबड डर्नेसच्या पुढे झाली तर टो-गाडीची वाट पाहण्यात अर्धा दिवस जाईल.

सगळ्यात जास्त वेळ नट-बोल्टना द्या. हलकी चासी आणि कडक स्प्रिंग, त्यामुळे हादरे थेट सांध्यांत जातात. सस्पेन्शन, स्टिअरिंग रॅक, एक्झॉस्ट आणि इंजिन माउंटिंगचा प्रत्येक नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे दिलेल्या जोराइतका, आवळा. मग नटापासून बोल्टपर्यंत पिवळ्या पेंटची एक सरळ रेघ ओढा. रोज सकाळी टॉर्च घेऊन खाली वाकलात की तुटलेली रेघ लगेच दिसते, पाना लावून बघावं लागत नाही. चाकांचे नट पहिल्या ५० मैलांनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.

पेट्रोलचा हिशेब काट्यावर ठेवू नका. अशा गाड्यांच्या उथळ टाकीत चढ-उताराला पेट्रोल एका बाजूला जातं आणि काटा भलतंच दाखवतो. भरलेल्या टाकीत गाडी घरच्या रस्त्यावर किती मैल जाते ते ट्रिप मीटरवर मोजा आणि उत्तरेत त्याचे दोन तृतीयांशच धरा. अर्धी टाकी झाली की पुढच्या पंपावर भरायची. काही छोटे पंप रविवारी बंद असतात. २०२१पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई-१० आहे, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुना रबरी पाइप त्याने फुगतो, भेगाळतो आणि नेमका गरम इंजिनाजवळ गळतो. कमी इथेनॉलचं ई-५ सुपर आडगावात मिळेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या आर-९ दर्जाचे घाला.

अ‍ॅपलक्रॉसहून परतताना बेलाख ना बा हा घाट लागतो. उंची ६२६ मीटर, काही ठिकाणी पाचास एक चढ. या दिशेने चढ बेताचा आहे, त्यामुळे इंजिन फार तापत नाही, पण उतरताना आवळलेली वळणं येतात. माथ्यावरच दुसरा गिअर घाला, गरज पडली तर पहिला, आणि ब्रेक दाबून धरू नका. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांपूर्वीचं असेल तर बदलाच. ते हवेतला ओलावा शोषतं, तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल खोल जातं. रेडिएटरच्या पंख्याची परीक्षा घरी घ्या : गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवा, पंखा किती तापमानाला सुरू होतो ते लिहून ठेवा. घाटात कॅम्परव्हॅनच्या मागे दहा मिनिटं उभं राहावं लागलं की तो आकडा कामाला येतो.

सोबत ठेवा : १ लिटर ऑइल, अल्टरनेटरचा पट्टा, थ्रॉटल केबल, फ्यूज, होज क्लिप, ट्यूबलेस पंक्चरचे प्लग, १२ व्होल्टचा पंप आणि दोन घटकांची इपॉक्सी पुट्टी. पुट्टी संपसाठी, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यासाठी. या गाड्यांचा संप जमिनीच्या फार जवळ असतो, खड्ड्याच्या कडेला किंवा दगडाला घासला तर चीर पडते. टायरमध्ये हवा साध्या कारएवढी भरू नका. गाडी जेमतेम ५००-६०० किलोची, तिला साधारण १८-२० पीएसआय पुरते. जास्त भरली तर ओल्या रस्त्यावर पकड जाते.

प्रश्न : पाऊस लागला तर? आणि सामान कुठे ठेवायचं?
– तेच वाचक

उत्तर : पाऊस लागणारच. मे किंवा सप्टेंबर निवडा. जून ते ऑगस्ट मिजेस नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचा कहर असतो. वारा असला की त्या उडत नाहीत, पण संध्याकाळी वारा पडला आणि तुम्ही टप चढवायला थांबलात की तुटून पडतात. म्हणून टप चढवायची तालीम घरीच करा, तीही थंड सकाळी. थंडीत कापड आखडतं आणि शेवटची दोन बटणं लागता लागत नाहीत. पायाखालच्या पत्र्यातली पाणी जायची भोकं मोकळी आहेत का पाहा, नाहीतर अ‍ॅपलक्रॉसपर्यंत बूट पाण्यात. काच आतून धुरकटते, एक सुकं फडकं हाताशी ठेवा.

सामान मऊ, जलरोधक पिशव्यांत भरा. सुटकेस बसणार नाही. जड वस्तू सीटच्या पाठीला टेकून ठेवा. मागच्या टोकाला वजन गेलं की नाक हलकं होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. एक्झॉस्ट ज्या बाजूला आहे तिकडून उतरताना पोटरी सांभाळा, भाजते. रोज रात्री गाडी गोड्या पाण्याने साध्या नळीने धुवा. स्टीलच्या चासीवर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट केलेले असतात, त्या सांध्यात खारं पाणी राहिलं की अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झिजतं. प्रेशर जेट मात्र नको. ते पाणी बेअरिंगमध्ये आणि वायरिंगमध्ये घुसतं.

प्रश्न : अशी गाडी इथे जोडून कोकणात फिरवता येईल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र चाचणी होऊन नंबर मिळतो. आपल्याकडे त्या मॉडेलला एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, घरच्या गाडीची नोंदणी होत नाही. कापडी टपाची कारखान्यातली जीप घ्या. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटींतून ती आरामात जाते, आणि एवढ्या खाली बसणाऱ्या गाडीचा संप जिथे घासेल तो जेट्टीचा उतार जीप सहज चढते.