चर्चला कर नाही, मग पाद्री उमेदवाराचा प्रचार कसा करतात?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत चर्चला करमाफी असते आणि त्या बदल्यात राजकारणात पडायचं नाही असा नियम आहे, तर मग तिथले पाद्री उघडपणे उमेदवारांची बाजू कशी घेतात?

मी वकील नाही. न्यू जर्सीतल्या एका महाराष्ट्र मंडळाचा चार वर्षं खजिनदार होतो. चर्च अमेरिकी करकायद्याच्या ज्या कलमात बसतात त्याच ५०१(सी)(३) मध्ये आमचं मंडळही बसतं, म्हणून या नियमाशी गाठ पडली. तो किस्सा नंतर सांगतो.

आधी ‘त्या बदल्यात’ हे शब्द काढून टाका. करमाफी फार जुनी आहे, चर्चच्या जागेवर कर न लावण्याची पद्धत तर वसाहतींच्या काळापासूनची. अट आली १९५४ मध्ये, आणि ती आणली लिंडन जॉन्सन यांनी, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा ते टेक्सासचे सिनेटर होते, फेरनिवडणूक तोंडावर होती आणि काही करमुक्त संस्था त्यांच्याविरुद्ध साहित्य छापून वाटत होत्या. त्यांनी करविधेयकात एक दुरुस्ती सुचवली आणि ती चर्चेविना मंजूर झाली. त्यांचा रोख चर्चवर नव्हता, पण ५०१(सी)(३) मध्ये शाळा, इस्पितळं, अनाथाश्रम आणि चर्च सगळेच येत असल्याने चर्चही त्यात सापडले.

नियम तसा अरुंद आहे. संस्थेने कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायचा नाही, एवढंच. गर्भपात, युद्ध, स्थलांतरित, दारूबंदी यांवर पाद्रीने कितीही तावातावाने बोलावं. मतदारनोंदणी करावी, रविवारच्या प्रार्थनेनंतर लोकांना बसमध्ये घालून मतदानाला न्यावं. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ही जुनी रीत आहे. पाद्रीला स्वतः निवडणूकही लढवता येते. मार्टिन ल्यूथर किंग यांचं अटलांटातलं एबनेझर बॅप्टिस्ट चर्च आहे ना, तिथले पाद्री राफाएल वॉर्नॉक २०२१ पासून सिनेटर आहेत. पाद्रीचा पगारही करमुक्त नसतो, घरभत्त्यावर मात्र आयकर लागत नाही.

मग अडतं कुठे? माझ्या मते सगळी मेख देणगीच्या पावतीत आहे. तुम्ही चर्चला हजार डॉलर दिलेत तर ते तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येतात. तेच हजार उमेदवाराला दिलेत तर वजा होत नाहीत. आता चर्चने ते हजार डॉलर उमेदवाराच्या जाहिरातीवर खर्च केले, तर मागच्या दाराने सगळ्या करदात्यांनी त्या प्रचाराला हातभार लावला असं होतं. १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनजवळच्या एका चर्चने नेमकं हेच केलं. मतदानाला चार दिवस असताना देशभर जाणाऱ्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात दिली की उमेदवार बिल क्लिंटन यांची धोरणं बायबलच्या विरोधात आहेत, मग ख्रिस्ती माणसाने त्यांना मत कसं द्यावं? आणि खाली बारीक अक्षरात, या जाहिरातीसाठी करवजावटीस पात्र देणग्या आनंदाने स्वीकारल्या जातील! खजिनदार म्हणून ती ओळ वाचताना मला घाम फुटला असता. आयआरएसने (म्हणजे तिथल्या आयकर खात्याने) त्यांची मान्यता काढली आणि २००० मध्ये अपील न्यायालयाने ती कारवाई उचलून धरली. गंमत म्हणजे न्यायालयाने हेही म्हटलं की याचा फटका बहुतांशी प्रतीकात्मक आहे, कारण प्रचार थांबवला की चर्च पुन्हा करमुक्त.

चर्चची मान्यता अशी काढली गेल्याचं हे गाजलेलं उदाहरण. त्यापुढे जवळजवळ शुकशुकाट. २००४ च्या निवडणुकीआधी दोन दिवस पॅसाडीनातल्या ऑल सेंट्स चर्चमध्ये एका माजी पाद्रींनी प्रवचन केलं, येशूने बुश आणि केरी या दोन्ही उमेदवारांशी वाद घातला असता तर, अशा धर्तीचं. कुणाला मत द्या हे सांगितलंच नव्हतं, पण इराक युद्धावर कडक बोलले. चौकशी लागली, २००७ मध्ये काहीही शिक्षा न करता मिटली. दुसऱ्या टोकाला, २००८ मध्ये ३३ पाद्रींनी मुद्दाम उमेदवारांची नावं घेऊन प्रवचनं दिली. करा कारवाई, आम्ही कोर्टात जातो, असं उघड आव्हानच होतं ते. पुढच्या काही वर्षांत अशा पाद्रींची संख्या हजाराच्या वर गेली, आणि आयआरएसने त्यांना हवा तो खटला काही मिळू दिला नाही. जुलै २०२५ मध्ये तर खात्याने टेक्सासच्या न्यायालयात लिहून दिलं की चर्चने आपल्याच भाविकांशी, नेहमीच्या प्रार्थनेत, श्रद्धेच्या अंगाने उमेदवारांबद्दल बोलणं हे कुटुंबातल्या बोलण्यासारखं समजावं, प्रचार धरू नये. कायद्याचा मजकूर याने बदलत नाही, पण टीव्हीवर जे दिसतं त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

आपल्याकडचा कायदा वेगळ्या जागी पकडतो. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून रमेश प्रभू यांची आमदारकी गेली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. म्हणजे आपल्याकडे गचांडी धरली जाते उमेदवाराची. अमेरिकेत उमेदवार चर्चमध्ये जाऊन काहीही बोलून सुटतो, करमाफीची मान्यता जाते ती चर्चची.

आता आमचा किस्सा. एका वर्षी गणेशोत्सवात गावाच्या कौन्सिलला उभा असलेला एक मराठी गृहस्थ म्हणाला, आरतीनंतर दोन मिनिटं माईक द्या. आपला माणूस, मंडळाचा जुना सभासद, कार्यकारिणीत सगळ्यांना वाटलं काय बिघडलं. मी अडून बसलो. द्यायचा तर विरोधकालाही तितकाच वेळ द्या, नाहीतर कुणालाच नको. तासभर भांडलो, एक काकू मला तोंडावर ‘घरभेदी’ म्हणाल्या. शेवटी ठरलं की त्याने यावं, आरती घ्यावी, जेवून जावं, माईक नाही आणि हॉलमध्ये पत्रकं नाहीत. बिचारा सगळा वेळ चपलांच्या ढिगाजवळ उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत होता.

त्याच आठवड्यात ऑफिसातला एकजण कौतुकाने सांगत होता की त्यांच्या मोठ्या चर्चमध्ये पाद्रींनी शेरीफपदाच्या (तिथे हा पोलीसप्रमुख मतदानाने निवडतात) उमेदवाराला व्यासपीठावर बोलावलं, यालाच निवडून द्या म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, तुमचा खजिनदार काही बोलला नाही का? त्याला माझा प्रश्नच कळला नाही.