सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं चित्र धुरकट येतंय? नवा घ्यायच्या आधी हे बघ

अरे थांब, कॅमेरा लगेच बदलू नकोस. आधी कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये बघ चित्र एसडीवर (कमी स्पष्ट) आहे का एचडीवर (जास्त स्पष्ट), कारण लाइव्ह बघताना बरेच ॲप आपोआप सबस्ट्रीम, म्हणजे डेटा वाचवणारं कमी दर्जाचं चित्र दाखवतात, तो ६४०×३६० पिक्सेल वगैरे असतो, मग चेहरा ओळखू येणारच नाही. रेकॉर्डिंग उघडून बघ, ते स्वच्छ असेल तर कॅमेऱ्यात काहीच दोष नाही.

रेकॉर्डिंगपण खराब असेल तर दिवसा कसं दिसतं नि रात्री कसं ते वेगवेगळं तपास. फक्त रात्रीच पांढरं धुकं येत असेल तर बऱ्याचदा काचेवरची धूळ नाहीतर कोळ्याचं जाळं असतं, रात्री दिसावं म्हणून कॅमेरा सोडतो तो आयआर (इन्फ्रारेड) लाइट त्यावरच आपटून परत लेन्समध्ये येतो. माझ्याकडे एकच बारीक धागा लेन्ससमोर हलत होता आणि रात्रभर मोशनचे अलर्ट! मऊ मायक्रोफायबरने हलक्या हाताने पूस, आणि डोम (घुमटासारखा गोल कॅमेरा) असेल तर वरची प्लास्टिकची फिल्म काढली का बघ, खूप जण विसरतात. भिंत किंवा पत्रा अगदी जवळ असला तरी तसंच होतं, थोडा अँगल फिरव.

चित्राचे चौकोन पडत असतील, अडकत असेल तर ते बहुतेक वायफायमुळे. १०८०पीला (फुल एचडी चित्राला) साधारण २ ते ४ एमबीपीएस अपलोड लागतो, आणि भिंती मध्ये असतील तर वायफायचा २.४ गिगाहर्ट्झ बँडच बरा, ५ लांब पोचत नाही. जमत असेल तर राउटरपासून कॅमेऱ्यापर्यंत सरळ लॅन केबल टाक, मी तरी तेच करतो.