गावं, संस्था आणि सरकारी खातं यांची भागीदारी तालुक्यात खरंच टिकते का?

तुमच्या तालुक्यात काही ग्रामपंचायती, दोन-तीन संस्था आणि सरकारी खाती मिळून 'विकास मंच' काढायचा घाट घातलाय. असं काही चालतं का, की सगळं उद्घाटनाच्या फोटोपुरतंच, आणि खात्याच्या साहेबांना समितीत घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

चालतं. पण उद्दिष्टांत नुसतं 'सर्वांगीण विकास' लिहिलेलं असेल, तर माझा भरवसा नाही. वाटून घ्यायची, मोजायची आणि जिचे पैसे खिशातून भरावे लागतात अशी एखादी गोष्ट मध्ये असली, की माणसं बैठकीला न बोलावता येतात. मी एका पाणी वापर संस्थेचा सचिव आहे, त्यामुळे माझं उदाहरण पाण्याचंच.

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे, पालखेड समूहातलं. धरण झालं, कालवा झाला, तरी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, ओझरच्या बाजूला पाणी धड पोचत नव्हतं. वरचे भिजवून घेणार, खालचे पाटाकडे बघत बसणार. तिथं बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं नव्वदीच्या सुरुवातीला टेलच्या शेतकऱ्यांच्या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. तांत्रिक बाजूला पुण्याची 'सोपेकॉम' ही पाण्यावर काम करणारी संस्था होती, पाणी पाटबंधारे खात्याचं. संस्थेनं खात्याकडून पाणी मोजून घ्यायचं, आपल्या सभासदांना वाटायचं, पाणीपट्टी गोळा करून खात्याला भरायची. करार एवढाच, आणि तोच सगळ्यांना पुरून उरला.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट मात्र विहिरींची. ओझरकरांनी पाणी फक्त चाऱ्यांतून, म्हणजे कालव्याच्या फाट्यांतून, न फिरवता बाणगंगा नदीवरच्या बंधाऱ्यांतही सोडलं. बंधारे भरले की आजूबाजूच्या विहिरींना पाणी येतं. मग विहिरीवरून भिजवणाऱ्यानंही संस्थेला पैसे द्यायचे, असं ठरलं. स्वतःच्या विहिरीतल्या पाण्याची पट्टी शेतकऱ्याला पटवून देणं काय असतं, हे ज्यानं एकदा तरी वसुली केलीय त्यालाच कळेल! ते पटलं, कारण बंधारा भरला की विहिरीची पातळी चढते हे ज्याचं त्याला दिसत होतं. द्राक्षबागेला तर ऐन उन्हाळ्यात हमखास पाणी लागतं, त्यामुळे पैसे देणं परवडतही होतं. पुढे हेडचे, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीचे शेतकरीही संस्थांमध्ये आले आणि 2003 मध्ये प्रकल्पपातळीची संस्था होऊन 24 संस्था तिच्याखाली एकत्र आल्या. टेलपासून सुरुवात झाली हे महत्त्वाचं. हेडवाल्यांचं कुठं अडलेलं असतं?

2005 मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा आला. त्यात संचालक मंडळावर हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांना जागा आहेत आणि अध्यक्षपद तिघांत फिरतं. तुमच्या मंचाला तो कायदा लागू नाही, पण ही तरतूद जशीच्या तशी उचला. नाहीतर तालुक्याच्या गावचे लोक कायमचे पदाधिकारी आणि आडबाजूच्या वाड्या कायमच्या श्रोत्या, हे ठरलेलं.

आता साहेबांचं. मतदानात नको, मोजमापात हवेत. आमच्याकडं चारीच्या तोंडाशी फ्ल्यूम, म्हणजे पाणी मोजायची अरुंद पक्की नाळ, आहे. त्याच्या भिंतीवरच्या मोजपट्टीवर पाण्याची उंची वाचायची, तक्त्यात विसर्ग बघायचा, वेळेनं गुणायचं, की झालं बिल. दिसायला सोपं. पण पुढं चारीत गवत माजलं किंवा कुणी रात्री दगड टाकून पाणी आपल्याकडं वळवलं, तर पाणी तुंबतं आणि फ्ल्यूम बुडतो. पट्टीवर उंची भरपूर दिसते, प्रत्यक्षात पाणी कमीच गेलेलं असतं, आणि बिल मात्र उंचीचं येतं. आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, संपल्यावर मग कोण खरं, कोण खोटं? म्हणून वाचन घेताना खात्याचा माणूस आणि आमचा पाटकरी (पाणी वाटणारा माणूस) दोघं हजर पाहिजेत आणि वहीवर दोघांच्या सह्या पाहिजेत. बरीच भांडणं त्या वहीनंच मिटतात. जी मिटत नाहीत त्यांच्यासाठी वार्षिक सभा असते, आणि ती आमच्याकडं भलतीच रंगते.

तुमचा विषय पाणी नसेलही. दूध असेल, आठवडे बाजाराचा ओटा असेल, कचरा असेल. पण पहिल्या वर्षी एकच धरा. शाळा, आरोग्य, बचत गट, पर्यटन असं सगळं एकदम घेतलेले मंच मी पाहिलेत. त्यांच्याकडं अहवाल देखणे असतात आणि वर्गणीची पावती कुणाकडंच नसते. नोंदणी सहकार कायद्याखाली, विश्वस्त संस्था म्हणून की कंपनी म्हणून, हा घोळ नंतर घाला. सीए तासाभरात सांगेल. त्याआधी प्रत्येक गावानं किती पैसे घालायचे आणि नाही घातले तर त्याचं काय बंद होणार, हे कागदावर घ्या. यातल्या दुसऱ्या मुद्द्यावर बैठक मोडली, तर मंच काढू नका.