गोरोबाकाकांच्या घरी, एसटीने

प्रश्न : मी लातूरला राहते. मुलगी आठवीत आहे, तिला मातीकामाचा फार नाद. गणपतीच्या दिवसांत शाडू आणून दिला की जेवणाचंही भान राहत नाही तिला. तिला तेरला गोरोबाकाकांचं घर आणि तिथलं संग्रहालय दाखवावं असं मनात आहे. आईही येते म्हणते, ती ७७ वर्षांची आहे. आमच्याकडे गाडी नाही. एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल का? आणि एक शंका. कलावंताचं घर बघायचं तर त्याच्या हातचं काम बघायला हवं. गोरोबाकाकांचं म्हणून दाखवता येईल असं एकही मडकं नाही म्हणतात. मग मुलीला दाखवायचं तरी काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, एका दिवसात होतं, आणि तुम्हा तिघींनाही झेपेल. आधी गाडीचं सांगते, कारण आई बरोबर आहेत.

लातूरहून बार्शीकडे जाणारी एसटी मुरूड, ढोकी, येडशी अशी जाते. ढोकीला, म्हणजे साखर कारखान्याच्या ढोकीला उतरलात की तेर तिथून जवळ आहे. एसटी मिळाली तर ठीक, नाहीतर रिक्षा किंवा जीप बघायची. मी एकटी असते तर हाच रस्ता धरला असता. पण आईंना घेऊन जाताय तर सरळ धाराशिवला जा. धाराशिवच्या स्थानकात तेरची गाडी लागते. अंतर वीसएक किलोमीटर. फाट्यावर उन्हात उभं राहावं लागत नाही, बसायला बाकडं असतं, आणि गाडी सुटते तिथूनच चढलं की खिडकीजवळची जागा मिळते. थोडा वेळ जास्त जाईल, जाऊ द्या.

तिकिटाचं म्हणाल तर आईंना लागणार नाही. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटी मोफत आहे. त्यांचं आधार कार्ड त्यांच्याच पिशवीत द्या, म्हणजे कंडक्टरने विचारलं की त्यांना स्वतः काढून दाखवता येईल. तुम्हाला आणि मुलीला अर्धं तिकीट, ती सवलत मार्च २०२३ पासूनची. तेरला उतरताना त्याच कंडक्टरला परतीच्या गाड्यांच्या वेळा विचारून घ्या. शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, तिच्या आधीची धरा.

सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी शासकीय संग्रहालयं बंद असतात. सरकारी सुट्टीचा दिवसही टाळा. चैत्र वद्य त्रयोदशी हा काकांचा समाधीदिन. त्या आठवड्यात गाव यात्रेने भरून जातं. यात्रा जरूर बघावी, पण ती वेगळी. शांतपणे घर आणि संग्रहालय बघायचं तर दिवाळीनंतरचे दिवस धरा. दशम्या, धपाटे, शेंगांची चटणी घरूनच घ्या.

आता तुमच्या शंकेकडे येते. मी गावच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, तेव्हा सहलीला नेलेली मुलंही मला हेच विचारायची, “बाई, काकांचं मडकं कुठंय?”

कुंभार मडक्यावर नाव घालत नाही. रांजण, घागर, पणती रोजच्या वापरात फुटते आणि तिची खापरं होतात. काकांचा काळ परंपरेने १२६७ ते १३१७ असा धरतात. त्यांच्या चाकावरून उतरलेली खापरं तेरच्या मातीत असतीलही, पण ती कुणाची हे सांगायचं कशावरून? त्यांनी नाव घातलं ते अभंगांवर. “म्हणे गोरा कुंभार” असं लिहिताना संतपणाचं काही सांगितलं नाही, धंदा सांगितला. मुलीला हे घरातून निघण्याआधी सांगा. मडकी ज्या हातांनी केली त्यांच्याच नावाने अभंगही झाले, हे तिला नीट कळेल, कारण तिचे स्वतःचे हात मातीत असतात.

आधी गावातल्या काकांच्या घरी जा, संग्रहालय नंतर. घर लहान आहे. तिथे बघण्यासारखं थोडं आणि थांबण्यासारखं पुष्कळ आहे. इथेच सगळी संतमंडळी जमली होती अशी परंपरा आहे. ज्ञानदेव, निवृत्ती, सोपान, मुक्ताबाई, नामदेव. वयाने वडील म्हणून गोरोबांना सगळे काका म्हणायचे. मुक्ताबाईने त्यांचं थापटणं, म्हणजे मडकं थापटायचं लाकडी अवजार, बघून विचारलं, हे कशाला असतं? मडकं कच्चं की पक्कं ते कळायला, काका म्हणाले. मग आमच्यातलं कोण कच्चं ते सांगा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र रागावले, आणि काकांनी हे मडकं कच्चं असा निकाल दिला. तिथून नामदेव गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडे औंढ्या नागनाथाला गेले.

ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण मातीचं काम करणाऱ्या पोरीला ती वेगळी ऐकू येईल. थापटण्याचं मुख्य काम घडवण्याचं. चाकावरून उतरलेलं मडकं जाड आणि अर्धंओलं असतं. आतून एका हाताने गोटा धरायचा, बाहेरून थापटायचं, तसं ते पातळ होत फुगत जातं. आतला हात बरोबर त्याच जागी नसेल तर भोक पडतं. मुलीला तिथे बसवून हे हातवारे करून दाखवा. शेजारी एखादं कुंभाराचं घर चालू दिसलं तर विचारून आत जा, तेरच्या लोकांना आल्यागेल्याचं कौतुक आहे.

मग ऊन चढलं की संग्रहालय. कै. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच. गावाभोवतीच्या टेकाडांतून आणि शेतांतून निघणारं जुनंपुराणं त्यांनी वर्षानुवर्षं जमवलं, आणि त्यातूनच आजचं शासकीय संग्रहालय उभं राहिलं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. नांगराला लागलेलं खापर लोक बांधावर फेकून देत होते, तेव्हा ते उचलून घरी आणणारा माणूस गावाला मिळाला.

तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत लिहिलंय, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे आणि तिथून साधं कापड, मलमल बैलगाड्यांनी भडोचच्या बंदराला येतं. शिलाहार राजे पुढे कितीतरी शतकं स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत राहिले. आईंना हा भाग आवडेल.

मुलीला मात्र सरळ मातीच्या मूर्तींपाशी न्या. सातवाहन काळातल्या या मूर्ती पांढऱ्या, तलम मातीच्या आहेत, केओलिनच्या. केसांची रचना, कानातली, गळ्यातल्या माळा इतक्या बारीक, की नखाएवढ्या जागेत सोनाराचं काम वाटावं. त्या घडवल्यात दोन साच्यांत. पुढचा अर्धा एकात, मागचा अर्धा दुसऱ्यात, मातीचा पातळ थर आत दाबून बसवायचा, मग दोन्ही अर्धे जोडायचे आणि भाजायचे. आतून मूर्ती पोकळ राहते, म्हणून भट्टीत तडकत नाही. भरीव मूर्तीत ओल अडकते, तिची वाफ होते आणि मूर्ती फुटते. शाडूचा गणपती भाजत नाहीत, तरी वाळताना त्यालाही तडे जातात, हे तुमच्या मुलीने एव्हाना अनुभवलं असेल. तिला मूर्तीसमोरून थोडं बाजूला उभं करा आणि कानामागून खांद्यावर उतरणारा सांधा शोधायला लावा. काही मूर्तींत तो साफ पुसलेला असतो, काहींत दिसतो. जिथे दिसतो तिथे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचा अंगठा फिरलाय.

या कारागिरांचीही नावं कुणाला ठाऊक नाहीत. म्हणून मी म्हणते की घर आणि संग्रहालय एकाच दिवशी बघावं. काका होण्याच्या हजारभर वर्षं आधी याच तेरणेच्या काठी मातीत असं काम करणारे हात होते. घरात आपल्याला नाव मिळतं, संग्रहालयात काम मिळतं.

तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशीही थांबा. तिच्याशी खूप जुळणारी एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या उत्खननात निघाली. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीच समुद्रापार पोचली होती. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही संग्रहालयात आहे. लाकूड इतकं टिकतं यावर विश्वास बसत नाही.

दुपार कलली की तेरणेकाठी काकांच्या समाधीला जा. कालेश्वराचं विटांचं मंदिर तिथेच आहे. पायांत बळ असेल तर त्रिविक्रमाचं देऊळ. मागून बघा, भिंत अर्धगोल वळलेली दिसेल. मूळचं ते बौद्ध चैत्यगृह असावं असं अभ्यासक मानतात. आई थकल्या असतील तर त्यांना समाधीच्या आवारातच बसू द्या, त्यांना तिथून उठावंसं वाटणार नाही.

प्रश्न : नातू सहा वर्षांचा आहे, त्याला तेरला न्यायचंय. पण माती तुडवताना काकांच्या पायाखाली लेकरू आल्याची गोष्ट त्याला सांगावी का? सूनबाई नको म्हणतात.
— एक आजोबा, कळंब

उत्तर : सूनबाईंचं ऐका. सहा वर्षांचं पोर त्या गोष्टीत स्वतःला चिखलात बघतं. विठ्ठलाच्या नामात देहभान हरपणं म्हणजे काय हे कळायला वय लागतं, आणि ते कळल्याशिवाय उरते ती फक्त भीती. मी पाचवीच्या खालच्या मुलांना ती गोष्ट कधी सांगितली नाही. त्याला थापटण्याची गोष्ट सांगा. त्याच्या डोक्यावर हलकेच टिचकी मारून कच्चं की पक्कं विचारा, दिवसभर तेच खेळत बसेल.

मोठा झाला की सगळी गोष्ट सांगा, आणि अर्धी सांगू नका. पुष्कळजण लेकरू गेल्यापाशी थांबतात. तिच्यात आईचा आकांत आहे, काकांनी हात तोडून घेणं आहे, आणि नामदेवांच्या कीर्तनात टाळी वाजवायला ते हात परत येणं, लेकरू रांगत येणं आहे. हे कीर्तन त्रिविक्रमाच्या देवळापुढे झालं असं तेरला सांगतात. तिथे उभं राहून सांगितलीत तर नातवाला जन्मभर लक्षात राहील.

प्रश्न : तेरच्या विटा पाण्यावर तरंगतात हे खरं की गावगप्प?
— एक विद्यार्थी, धाराशिव

उत्तर : खरं आहे. तिथल्या जुन्या मंदिरांच्या विटा तशा हलक्या आहेत. मातीत भाताचं तूस मिसळून वीट थापली की भाजताना तूस जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. त्यांत हवा असते म्हणून वीट तरंगते. वजन कमी असल्याने शिखराचा भार भिंतींवर कमी येतो, हा त्यातला खरा उपयोग. बघायला गेलास तर मंदिराची वीट उपटून पाण्यात टाकून बघायचा मोह आवर, बाळा. घरी चिकणमातीत तूस कालवून एक छोटी वीट कर, वाळव, कुंभाराच्या भट्टीत भाजून घे. त्यातून जास्त शिकशील.

प्रश्न : आम्ही छत्रपती संभाजीनगरचे. तेर एका दिवसात जमत नाही. आमच्यासाठी जवळ असं काही सुचवाल का?
— एक वाचक जोडपं

उत्तर : पैठणला जा. मध्यवर्ती बसस्थानकातून गाड्या भरपूर, अंतर पन्नासएक किलोमीटर. गावातलं नाथमंदिर म्हणजे नाथांचा राहता वाडा. भारुडं, गौळणी, भागवत लिहिणारा हा कवी कुठे राहायचा, कुठे बसायचा हे तिथे बघायला मिळतं. समाधी गोदावरीच्या काठी, ती वेगळी जागा, दोन्ही बघा. बाळासाहेब पाटलांच्या नावाचं शासकीय संग्रहालयही पैठणला आहे, आणि तेरसारखंच तेही एका स्थानिक माणसाच्या संग्रहावर उभं आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच, त्यामुळे तेरला बघायच्या त्याच जातीच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती, मणी, नाणी इथेही भेटतील.

वेळ उरला तर पैठणी विणताना बघा. घ्यायची नसली तरी बघा. कारागीर पदरावरचा मोर एकेक धागा हाताने गुंतवत भरतो, आणि अख्ख्या सकाळभरात काम किती पुढे सरकलं ते मागावर बोट ठेवून दाखवता येतं. फाल्गुन वद्य षष्ठीच्या आसपास नाथषष्ठीची गर्दी असते, तेव्हा वाडा निवांत बघता येणार नाही. सकाळी लवकरची गाडी धरा, आधी वाडा, मग संग्रहालय, ऊन उतरल्यावर गोदाकाठ.