प्रीपेड मीटर बदलून मिळेल का?

प्रश्न : माझी लेक शिकायला इंग्लंडात लेस्टरला आहे. भाड्याच्या घरात विजेचं मीटर प्रीपेड आहे. पैसे संपले की मीटरची किल्ली घेऊन, तिच्यात पैसे भरायला, थंडीत दुकान गाठावं लागतं. आपल्याकडे हेस्कॉम या वीज कंपनीचं बिल आल्यावर आपण भरतो, तसं तिथे करता येईल का?
– एक आई, निपाणी

उत्तर : ताई, येईल. वीज कंपनीचं खातं तिच्या नावावर असेल तर अर्ज तिनेच करायचा. घरमालकाला आधी कळवावं आणि भाडेकरार नीट वाचावा. घर सोडताना जुनं मीटर परत बसवून द्या, अशी अट त्यात असू शकते. स्मार्ट मीटर असतं तर कंपनीने दुरूनच बदल केला असता. किल्लीचं मीटर मात्र माणूस येऊनच बदलतो.

खरी अडचण येते ती थकबाकीची. आधीच्या भाडेकरूचं देणं त्याच मीटरवर असेल, तर लेकीने भरलेल्या पैशांतून ते कापलं जातं. हे मला फार अन्यायाचं वाटतं. तिने राहायला आल्याची तारीख कंपनीला आजच लेखी कळवावी. शिवाय कंपनी पत तपासते. नव्याने गेलेल्या मुलांची तिथे पत तयार झालेली नसते, म्हणून अनामत मागू शकतात. आपल्याकडेही बिलावर वीज घ्यायची तर अनामत लागते. २००३च्या वीज कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे प्रीपेडवाल्याकडून ती मागता येत नाही.

कंपनीने तक्रार आठ आठवड्यांत मिटवली नाही, तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे वीज-गॅसच्या तक्रारी सोडवणाऱ्या तिथल्या स्वतंत्र लवादाकडे, जाता येतं, तेही फुकट. तोवर रात्री पैसे संपलेच तर मीटरवर थोडी उधारी मिळते, ती पुढच्या भरण्यातून वळती होते. हे तिला आवर्जून सांगा.