आधी वजन, मग इंजिन

प्रश्न : सुटे भाग जुळवून दोन आसनी हलकी स्पोर्ट्स कार बांधायची आहे. इंजिन मोठे घ्यावे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी वजन ठरवावे. १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हन या दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे बळ पोलादी नळ्यांच्या हलक्या सांगाड्यात होते. इंजिन वाढवले की गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन असे सारेच जड होत जाते. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत पोलादाला थेट टेकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा सांध्यांपाशी झिजतो, म्हणून रिव्हेट मारण्यापूर्वी मध्ये सीलंटचा थर अवश्य द्यावा. (छप्पर नसलेली गाडी पावसाळाभर शेडमध्येच राहील, हे घरच्यांनाही सांगून ठेवावे.) मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे उत्पादकाला वाहनाच्या नमुन्याची चाचणी करून घ्यावी लागते, त्यामुळे भाग मागवण्यापूर्वीच नोंदणीविषयी वाहतूक खात्याकडे लेखी विचारणा करावी.